बघायचा रुमाल

अण्णांच्या खिशात दोन रुमाल असत. एक विटक्या चौकड्यांचा, घाम पुसायला. दुसरा पांढराशुभ्र, इस्त्रीची घडी न मोडलेला. तो नुसता बघायला. गिऱ्हाइकानं रंगाचा तुकडा पुढे केला की अण्णा आधी त्या तुकड्याकडे बघतच नसत. दुकानाच्या पायरीवर येऊन पांढरा रुमाल तळहातावर उलगडायचे आणि मिनिटभर त्याच्याकडेच टक लावून बघायचे. गिऱ्हाईक कंटाळून म्हणायचं, "अण्णा, रंग इकडे आहे." अण्णा मान वर न करता म्हणायचे, "डोळं धुवालोय. रस्त्यावरनं येताना काय काय बघून आलोय, ते सगळं अजून डोळ्यात हाय."

मल्लेश्वरमच्या एका क्रॉसवर, म्हणजे आडव्या गल्लीत, ते रंगांचं दुकान होतं. अण्णा मालक नव्हते, पगारी होते. त्यांचं काम एकच, एका कंपनीचा रंग दुसऱ्या कंपनीच्या डब्यांतून जुळवून द्यायचा. कुणाची अर्धी भिंत रंगवून झालेली असायची आणि तो शेड बंद पडलेला, कुणाच्या कंपनीनंच गाशा गुंडाळलेला. असे अडलेले लोक पोपडा कागदात गुंडाळून अण्णांकडे यायचे. अख्खा भाग त्यांना 'मॅचिंग अण्णा' म्हणायचा. त्यांचं खरं नाव मला आजही माहीत नाही. वीस-बावीस वर्षं ओळख, आणि नाव विचारलं नाही! लाज वाटावी अशा गोष्टींची यादी इथूनच सुरू होते.

अण्णा निपाणीकडचे. दुकानात दिवसभर कन्नड, पण आमच्या मराठी घरातलं कुणी दिसलं की चेहरा उजळायचा आणि गावाकडची मराठी सुरू व्हायची. त्यांचा कुणी भाचा बसवर ड्रायव्हर होता, तो सीमाभागातला मराठी पेपर आणून द्यायचा. दोन-तीन दिवस शिळा. अण्णा तो पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत, हरवले-सापडलेसकट वाचायचे. मी एकदा म्हटलं, "अण्णा, बातम्या शिळ्या झाल्या की." तर म्हणाले, "भाषा ताजी हाय न्हवं, बास."

कंपन्यांनी रंगांना दिलेल्या इंग्रजी नावांवर त्यांचा राग होता. शेडकार्डावरचं 'मॉर्निंग' का 'मिस्ट' काहीतरी वाचून ते गिऱ्हाइकाला विचारायचे, "कुठल्या गावची सकाळ ही?" त्यांची स्वतःची नावं होती. शिळ्या ताकाचा. नाचणीच्या रागीमुद्द्याचा. पडवळाच्या पोटाचा. रंग जुळवताना थेंब-थेंब टाकायचे, आणि काळा टाकताना तर श्वास रोखायचे. "काळ्याला भ्यायचं, ताई. एक थेंब जास्त पडला की पन्नास पांढऱ्या थेंबांनी निघत नाही." जुळवलेला रंग जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर फासून वाळत ठेवायचे. तो वाळेपर्यंत मालक आला तरी दाखवायचे नाहीत. "ओला रंग खोटं बोलतो. वाळला की विचारा."

मी कॉलेजात होते तेव्हा आमच्या मल्लेश्वरमच्या भाड्याच्या घराचं रंगकाम काढलं. बाबा सरकारी कारखान्यात इंजिनिअर, त्यांना सगळ्या भिंती पांढऱ्या चालल्या असत्या. आई मात्र निजायच्या खोलीसाठी हट्टाला पेटली. तिला हिवाळ्यात फुटपाथवर ढीग लागतात त्या अवरेकाळूचा, इकडच्या पावट्याचा रंग हवा होता. अण्णांनी गंभीरपणे विचारलं, "सालीसकट का सोलून, वहिनी?" आई म्हणाली, "सालीसकट. हिरवा दिसू दे जरा." एका कंपनीच्या कार्डात तो नेमका सापडला. बाबांनी डब्यावरचं कोडचं लेबल सोडवून 'घर – रंग' अशा फायलीत लावून ठेवलं. बाबा म्हणजे फायलींचं माहेरघर.

पुढे आई गेली. मी लग्न करून शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला, बाराव्या मजल्यावर राहायला गेले. बाबा त्या खोलीत एकटे राहिले आणि हळूहळू विसरायला लागले. आधी चष्मा, मग गॅस, मग एक दिवस घराचा रस्ता. त्यांना माझ्याकडे आणलं तर दर तासाला एकच, "चल, मला घरी ने." हे घरच आहे बाबा, असं म्हटलं की माझ्याकडे परक्यासारखं बघायचे आणि चप्पल शोधायला लागायचे. झोप नाही, जेवण नाही. घरमालकाला मल्लेश्वरमचं घर पाडून इमारत बांधायची होती, म्हणजे परत नेण्याचीही सोय नव्हती. डॉक्टर म्हणाले, ओळखीच्या वस्तू भोवती ठेवा. मी त्यांचा पलंग आणला, घड्याळ आणलं, आईचा फोटो आणला. मग वाटलं, भिंतच का नाही? तोच रंग दिला तर बाबांना खोली आपली वाटेल.

फायलीतलं लेबल घेऊन मी अण्णांकडे गेले. ती कंपनी केव्हाच बंद पडली होती. मी म्हटलं, "अण्णा, हा कोड. दुसऱ्या कुठल्या कंपनीत याच्या जवळचा काय मिळेल ते द्या." अण्णांनी लेबल उलटसुलट करून परत दिलं. "कोड घेऊन काय करू? भिंत दाखवा की."

मल्लेश्वरमच्या घरी ते सकाळी दहाला आले. भिंतीला हातही न लावता बाबांचा पलंग जिथे असायचा तिथे, फरशीवरच्या खुणांच्या मध्ये, खुर्ची टाकून बसले. रुमाल काढला. डोळे धुतले. मग जवळजवळ तासभर समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. मी दाराशी उभी राहून ऑफिसचे मेल बघत धुसफुसत होते. शेवटी म्हणाले, "बाबा उठल्या उठल्या हेच बघायचे, न्हवं?" मी म्हटलं, "हो, हो, तेच," आणि घड्याळाकडे बघितलं. ते भिंत बघत होते. मी वेळ बघत होते.

मीही काही कमी नव्हते. माझं काम सॉफ्टवेअर तपासायचं. दुसऱ्याच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो! म्हणून नंतर ताडून बघायला मी त्या भिंतीचा एक तुकडा काढून ठेवला. तोही कसा, उगीच मळकट जागेचा नाही. कपाट थोडं सरकवून, मोबाइलच्या दिव्यात त्याच्या मागची स्वच्छ, डाग नसलेली जागा बघून चाकूनं अलगद काढला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात तो असा.

अण्णांनी तीन दिवस घेतले. दोन कंपन्यांचे रंग मिसळून जुळवलेला नमुना पत्रिकेच्या पाठीवर फासून माझ्या हातात दिला. मी तो न बघता पर्समध्ये टाकला, कारण मीटिंग होती. त्यांचे रंगारी येऊन बेळ्ळंदूरची खोली रंगवून गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मी छतातले सगळे दिवे लावले आणि माझा तुकडा भिंतीला टेकवला. माझा तुकडा हिरवा. भिंत फिकी, पिवळट, साय धरलेली. माझं टाळकंच सरकलं. एवढा खर्च, एवढी धावपळ, बाबांची सगळी आशा या एका भिंतीवर, आणि या माणसानं भलताच रंग फासला! मी दुकानात फोन करून जे तोंडाला येईल ते बोलले.

अण्णा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन बस बदलून आले. दारात चपला काढल्या, पाणी नको म्हणाले. बाबा खोलीत पलंगावर बसले होते. अण्णांना बघून म्हणाले, "या, या, बसा. अगं, पंखा लाव त्यांना, दमून आलेत." अण्णा त्यांच्याकडे बघून हसले. मी माझा तुकडा भिंतीवर आपटल्यासारखा टेकवला.

"हा कुठनं काढलासा, ताई?"

"भिंतीचाच आहे, अण्णा. माझ्या हातानं काढलाय."

"सकाळी दहाला बघूया की. या उजेडात काय कळणार न्हाई. भिंतीनं किती वर्षं ऊन खाल्लंय…"

"दहाला मी ऑफिसात असते."

अण्णांनी खिशात हात घालून पांढरा रुमाल काढला आणि तळहातावर उलगडायला लागले. आणि मी म्हणाले, "रुमाल ठेवा हो तो. नाटकं पुरे झाली."

त्यांचा हात थांबला. अर्धा उलगडलेला रुमाल त्यांनी पुन्हा घडीवर घडी घालून खिशात ठेवला. घडी नीट बसेना, म्हणून दोनदा घातली. मग म्हणाले, "सरी, ताई." कन्नडातलं 'बरं'. एवढंच. बाबांना वाकून नमस्कार केला आणि गेले. बाबा मागून म्हणाले, "चहा न घेता गेले ते. आपल्या घरून कुणी असं जात नाही."

आपल्या घरून. हे शब्द माझ्या कानावर पडले होते. मी बहिरी नव्हते, आंधळी होते.

त्याच संध्याकाळी मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर भिंतीला टेकवलेल्या तुकड्याचा फोटो टाकला. वर लिहिलं, या माणसाकडून कुणी रंग जुळवून घेऊ नका, वय झालंय, डोळे गेलेत. माझ्याच शिफारशीवरून दोन घरांनी त्यांना काम दिलं होतं. दोघांनी रद्द केलं. एकानं तर मला धन्यवाद दिले. दुकानाच्या मालकालाही मी तोच फोटो पाठवला. तो म्हणाला, "मॅडम, रंग वाचायचं यंत्र घेतोच आहे. अण्णांना आता गोदामात बसवतो." मी म्हटलं, बरं होईल. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

त्या रंगाच्या खोलीत बाबा चार दिवस राहिले. त्या चार दिवसांत त्यांनी चप्पल शोधली नाही. सकाळी सात-सातपर्यंत झोपले. मी त्याचं श्रेय डॉक्टरांच्या नव्या गोळीला दिलं. मग एका कंपनीची माणसं आली, त्यांच्या यंत्रानं माझा तुकडा वाचला, पडद्यावर कोड दाखवला, आणि खोली सालीसकट अवरेकाळूची झाली. दिव्याखाली तुकडा टेकवला तर कडा दिसेना. मी खूश.

बाबा खोलीच्या दारात थबकले. "ही कुणाची खोली?" म्हणाले. "तुमचीच, बाबा." त्यांनी मान हलवली. "नाही. माझी काल होती ती. ती कुठे गेली?" आणि चप्पल शोधायला लागले. गोळी तीच होती. त्यानंतर ते त्या खोलीत आपणहून कधी निजले नाहीत. हॉलमधल्या खुर्चीत बसूनच डुलक्या घ्यायचे, दचकून उठायचे आणि म्हणायचे, "चल, घरी ने." मी मनात म्हणायचे, आजार वाढतोय, दुसरं काय.

महिन्याभरानं मल्लेश्वरमचं घर रिकामं करायला गेले. सकाळची वेळ होती, खिडकीतून ऊन येत होतं. हमालांनी बाबांच्या खोलीतलं मोठं कपाट उचललं, आणि मागे भिंतीवर कपाटाएवढा हिरवागार चौकोन उभा राहिला. आईनं निवडला होता तोच हिरवा, वीस वर्षं उजेड न लागलेला. आणि बाकीची अख्खी भिंत फिकी, पिवळट. सोललेल्या अवरेकाळूची. उन्हानं वर्षावर्षाला साल काढली होती, आणि बाबा रोज उठून ती सोललेली भिंत बघत आले होते. चाकूची माझी खूण त्या हिरव्या चौकोनातच होती.

पर्सच्या तळाशी अण्णांची पत्रिका अजून होती. मी ती त्या भिंतीवर पलंगासमोर टेकवली. पत्रिका कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते ते मला सापडेना, बोट फिरवूनच कड लागली. हमाल विचारत होता, "अक्का, हे कपाट कुठल्या गाडीत?" मी पुन्हा त्या कडेवरून बोट फिरवत होते. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या रिकाम्या खोलीत कळलं.

तशीच दुकानात गेले. अण्णांच्या पायरीजवळ यंत्र ठेवलं होतं. मालक म्हणाला, गोदामात दोन आठवडे बसले आणि सोडून गेले, पीण्याला, त्या कारखान्यांच्या भागात, कुठल्याशा शेडमध्ये लागलेत. पत्ता घेऊन मी पीण्याला गेले. लोखंडी पेट्यांवर रंगाची पूड उडवून भट्टीत भाजायची शेड होती ती. कानठळ्या बसवणारा आवाज, उकाडा, आणि जिकडेतिकडे एकच राखाडी. अण्णा भाजून आलेल्या पेट्या पुसून रचत होते. भुवयांवरही राखाडी पूड बसली होती. मला बघून बाहेर आले, पिंपावरची धूळ झटकून म्हणाले, "बसा, ताई."

मी रस्ताभर वाक्यं जुळवून आणली होती. अण्णा, माझं चुकलं. तुकडा कपाटामागचा होता. तुमचा रंग बरोबर होता. मी तोंड उघडलं, तेवढ्यात अण्णांनीच विचारलं, "बाबा निजत्यात का चांगले आता?"

त्यांच्या आवाजात टोमणा असता तर मी खरं बोलले असते. भांडायला मला येतं. पण त्यांना खरोखरच बाबांची काळजी होती. आणि मी म्हणाले, "हो. छान झोपतात."

"त्याच खोलीत?"

"हो."

"नव्या रंगात?"

"हो, अण्णा."

अण्णांनी हातांवरची पूड झटकली. मग खिशातून रुमाल काढला. पांढरा. म्हणजे एके काळचा पांढरा. चौकड्यांचा आता नव्हता, हा एकच होता. त्या रुमालानं त्यांनी कपाळ पुसलं, मान पुसली, भुवयांवरची पूड पुसली. म्हणाले, "मग माझंच चुकलं असणार. डोळं म्हातारं झालं, ताई. तुम्ही बोललासा ते बरोबरच होतं. बाबा निजत्यात न्हवं, बास."

मी तिथे बसले होते. दोन हातांच्या अंतरावर. एक वाक्य बोलायचं होतं. आता बोलले तर 'हो' म्हटलेलं खोटं ठरेल, आणि मी किती नीच आहे ते यांना कळेल, एवढंच डोक्यात होतं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलले, अशी मी बरेच दिवस स्वतःची समजूत घालत होते. झूट! मला माझं तोंड वाचवायचं होतं. माझं तोंड वाचलं आणि त्या माणसाचे डोळे गेले. मी पर्समधली पत्रिका बाहेरही काढली नाही.

नंतर सोसायटीच्या ग्रुपवर मी लिहिलं, की चूक माझी होती, रंग बरोबर होता. तीन अंगठे आले आणि खाली कुणीतरी विचारलं, पाण्याचा टँकर किती वाजता येणार आहे. धीर गोळा करून पुन्हा पीण्याला गेले तर अण्णा गावी गेले होते, कायमचे. फोन लागत नाही. निपाणी काही लंकेत नाही, आठवडाभर रजा टाकायलाही नको. तरी मी अजून गेलेले नाही. दर शनिवारी जायचं ठरवते आणि दर शनिवारी काहीतरी काम काढते.

तो रंग पुन्हा करून घ्यावा म्हणून पत्रिका घेऊन मी बरीच दुकानं पालथी घातली. प्रत्येक यंत्र वेगळ्या कंपनीचा वेगळा कोड देतं आणि प्रत्येक जण म्हणतो, "सेमच आहे, मॅडम." मी सकाळी दहाला बाल्कनीत पांढरा रुमाल घेऊन उभी राहते. डोळे धुते. एकही सेम नसतो. हल्ली हे मला दिसतं. उशिरा का होईना, अण्णांनी मला तेवढं शिकवलं.

मल्लेश्वरमचं घर पाडलं. ती भिंत आता फक्त त्या पत्रिकेच्या पाठीवर आहे, हाताच्या पंजाएवढी. मी ती हॉलमध्ये बाबांच्या खुर्चीसमोर लावली. बाबा तिच्याकडे बघत बसतात. परवा बोट दाखवून म्हणाले, "एवढीच उरली का?"

अण्णा, तुम्ही मराठी पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचता. कुणाच्या तरी हातून हे तुमच्यापर्यंत येईल म्हणून मराठीत लिहिलं. त्या दिवशी पीण्यात मी बोलले ते ओल्यातलं होतं. बाबा झोपत नाहीत. तुमच्या रंगात झोपले होते, चारच दिवस, सकाळी सातपर्यंत. तुमचे डोळे बरोबर होते. रुमाल धुऊन ठेवा.